झूम लेन्स : हौस, गरज आणि हिशेब



छायाचित्रणाचा छंद किंवा व्यवसाय करणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली साधी झूम लेन्स त्याने दोन-चार वर्षे वापरलेली असते. तिचे गुण त्याला माहीत झालेले असतात आणि तिच्या मर्यादाही बोचू लागलेल्या असतात. दुकानाच्या काचेआड व्यावसायिकांची जाडजूड, भारदस्त लेन्स दिसते. तिची किंमत ऐकून तो परत फिरतो. परंतु ती मनातून जात नाही. ही लेन्स घ्यावी की घेऊ नये? वरवर पाहता हा प्रश्न एका वस्तूच्या खरेदीचा आहे. पण मध्यम उत्पन्नाच्या घरात तो तेवढाच राहत नाही. त्यात घराच्या शिलकीचा, मुलांच्या फीचा आणि पुष्कळदा कर्जाचाही प्रश्न गुंतलेला असतो. म्हणून त्याचा विचार हौसेच्या भरात न करता शांतपणे, वस्तुस्थिती समोर ठेवून करणे इष्ट आहे.

प्रथम झूम लेन्स म्हणजे काय, हे पाहू. ज्या लेन्सचे केंद्रांतर, म्हणजे फोकल लेंग्थ, कमीजास्त करता येते ती झूम लेन्स. केंद्रांतर कमी असले की दृश्याचा विस्तृत भाग चित्रात येतो. जास्त असले की दूरची वस्तू जवळ आल्यासारखी मोठी दिसते. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत असता छायाचित्रणाकडे वळलेले आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांच्या हाती अशी लेन्स नव्हती. त्यांच्या काळी कॅमेरा स्वतः उचलून पुढे-मागे न्यावा लागे, किंवा लेन्स बदलावी लागे. झूम लेन्सच्या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत १९०२ साली नोंदले गेले. चलच्चित्रांसाठी ती १९३० च्या सुमारास वापरात आली. पण स्थिर चित्रे घेणाऱ्या पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स बाजारात यायला १९५९ साल उजाडावे लागले. डॉ. फ्रँक बॅक यांनी आखलेली आणि फोक्टलेंडर कंपनीने विकलेली ही ‘झूमार’ लेन्स ३६ ते ८२ मिलिमीटरची होती. पाठोपाठ १९६३ साली निकॉन कंपनीची ४३ ते ८६ मिलिमीटरची लेन्स आली. ती आकाराने आटोपशीर होती आणि भरपूर खपली. पण तिच्या चित्रांत सरळ रेषा वाकतात, ही तक्रारही तितकीच गाजली. सोय आणि स्वस्ताई यांच्या मोबदल्यात काहीतरी सोडावे लागते, ही गोष्ट झूम लेन्सच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे.

आता आजच्या दोन लेन्स शेजारी-शेजारी ठेवून पाहू. कॅननच्या प्राथमिक कॅमेऱ्यांबरोबर वर्षानुवर्षे मिळत आलेली १८-५५ मिलिमीटर, एफ/३.५-५.६ ही साधी लेन्स एका बाजूला, आणि त्याच कंपनीची २०१२ साली जाहीर झालेली व्यावसायिक २४-७० मिलिमीटर, एफ/२.८ ही लेन्स दुसऱ्या बाजूला. पहिलीच्या एका आवृत्तीचे वजन सुमारे २०५ ग्रॅम. दुसरीचे ८०५ ग्रॅम. पहिलीत १३ भिंगे, दुसरीत १८. पहिलीचे कॅमेऱ्यात बसणारे कडे प्लॅस्टिकचे, दुसरीचे धातूचे. किमतीतले अंतर तर कित्येक पटींचे. हे सारे जादा पैसे जातात कोठे?

मुख्यतः प्रकाशात. लेन्सवरील ‘एफ’चा आकडा म्हणजे केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. साध्या लेन्सचे केंद्रांतर ५५ मिलिमीटरवर नेले की तिचा लहानात लहान आकडा एफ/५.६ होतो, म्हणजे प्रकाशाला आत येण्यासाठी १० मिलिमीटरांहूनही किंचित लहान असे दार उरते. त्याच ठिकाणी एफ/२.८ असता तेच दार सुमारे २० मिलिमीटरांचे होते. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, हे शाळेतले गणित येथे अक्षरशः लागू पडते. चौपट प्रकाश आत येतो. शिवाय साध्या लेन्सचा आकडा झूम करता करता ३.५ वरून ५.६ पर्यंत वाढतो, म्हणजे प्रकाश सुमारे अडीच पटींनी कमी होतो; व्यावसायिक लेन्सचा आकडा आरंभापासून अखेरपर्यंत एकच राहतो.

चौपट प्रकाशाचा प्रत्यक्षात अर्थ काय? गोरज मुहूर्तावर लागणारे लग्न डोळ्यांसमोर आणावे. दिवस मावळलेला, मांडवातले दिवे पिवळसर, मंगलाष्टके संपत आलेली. शेवटच्या ‘शुभमंगल सावधान’बरोबर अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात. साध्या लेन्सने तेथे आयएसओ १६०० ठेवून जर १/३० सेकंदाचे शटर मिळत असेल, तर हार घालणारा हात पुसट येणार हे ठरलेले. शटर १/१२५ वर न्यायचे तर आयएसओ ६४०० करावा लागेल, आणि जुन्या कॅमेऱ्यात वधूच्या शालूवर रवाळ ठिपके उमटतील. व्यावसायिक लेन्समध्ये त्याच आयएसओ १६०० वर १/१२५ सेकंद मिळतो. हात स्थिर दिसतो, जर शाबूत राहते. गोव्यातल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये, जेथे उंच खिडक्यांतून येणारा उजेड वेदीपर्यंत पोहोचता पोहोचता मंदावतो आणि विधी चालू असता फ्लॅश न वापरण्याची विनंती असते, तेथेही हाच अनुभव येतो. तो क्षण पुन्हा घेता येत नाही. ज्यांचे ते लग्न असते त्यांच्यासाठी ते चित्र पुढे पन्नास वर्षे भिंतीवर राहायचे असते. एफच्या आकड्याची किंमत येथे समजते.

याखेरीज आणखीही लाभ आहेत. छिद्र मोठे असल्यामुळे आरशाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून दृश्य अधिक उजळ दिसते, आणि अशा अनेक कॅमेऱ्यांतील काही फोकस-बिंदू एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राच्या लेन्सवर अधिक अचूक काम करतात. चित्राच्या कडा अधिक रेखीव येतात. पार्श्वभूमी पुसट करून चेहरा उठावदार करता येतो. धूळ आणि पावसाचे शिंतोडे आत जाऊ नयेत यासाठी रबरी बंदोबस्त असतो. तथापि काही लेन्सना पुढे फिल्टर बसविल्याखेरीज हा बंदोबस्त पुरा होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

येथवर ऐकून कोणीही म्हणेल, मग घ्यावीच. परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, भरपूर उजेडात छिद्र एफ/८ पर्यंत लहान केले की दोन्ही लेन्समधला फरक पुष्कळ कमी होतो. दुपारी घेतलेले किल्ल्याचे चित्र, शेताचे चित्र, शाळेच्या पटांगणातला समूह, यांत कोणते चित्र कोणत्या लेन्सचे हे छापील कागदावरून ओळखणे जाणकारालाही सोपे नाही. समूहचित्रात तर एफ/२.८ चा उपयोगच करता येत नाही. पुढची ओळ स्पष्ट आणि मागची ओळ पुसट येते, म्हणून तेथे छिद्र लहानच करावे लागते. म्हणजे ज्यासाठी एवढे पैसे मोजले तो गुण अशा कामात झाकूनच ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट स्थिरतेची. स्वस्त १८-५५ लेन्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत हाताचा कंप शोषून घेण्याची योजना आहे. वर सांगितलेल्या महागड्या २४-७० लेन्समध्ये ती नाही. तेव्हा रिकाम्या देवळाचा गाभारा किंवा वाड्याचा अंधारा सोपा ट्रायपॉडशिवाय टिपायचा असेल, तर स्वस्त लेन्स कधीकधी अधिक उपयोगी पडते. मात्र ही योजना हाताचा कंप थांबविते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवीत नाही. दगड आणि माणूस यांतला हा भेद ध्यानात घेतला की आपल्याला कोणती लेन्स हवी, याचे अर्धे उत्तर मिळते.

तिसरी गोष्ट मापाची. प्राथमिक कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टी पूर्ण आकाराची नसते. कॅननच्या अशा कॅमेऱ्यांत केंद्रांतराचा परिणाम १.६ पट होतो. त्यामुळे २४-७० ही लेन्स तेथे सुमारे ३८ ते ११२ मिलिमीटरसारखी वागते. लहानशा खोलीत हळदीचा समारंभ चालू आहे, छायाचित्रकार भिंतीला टेकला आहे, आणि तरीही सारी माणसे चित्रात मावत नाहीत, अशी पाळी येते. जी स्वस्त लेन्स त्याने घरी ठेवली, तीच तेथे कामाला आली असती. पैसे अधिक मोजले म्हणून वस्तू आपल्या कामाला अधिक योग्य होतेच असे नाही.

चौथी गोष्ट वजनाची. दुकानात पाच मिनिटे हातात धरलेली लेन्स आणि सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत गळ्यात वागविलेली लेन्स, यांत अंतर आहे. लांबच्या पल्ल्याची ७०-२०० मिलिमीटर, एफ/२.८ ही लेन्स तर जवळपास दीड किलोची असते.

आता हिशेबाकडे वळू. बेळगावसारख्या गावात छोटा स्टुडिओ चालविणारा एक गृहस्थ आहे अशी कल्पना करू. वर्षाला वीस लग्नांची कामे त्याला मिळतात. लेन्सची किंमत, हिशेबाच्या सोयीसाठी, एक लाख रुपये धरू. पाच वर्षांनी ती निम्म्या किमतीला विकली गेली असे मानले, तर खरा खर्च पन्नास हजार. पाच वर्षांत शंभर लग्ने. म्हणजे दर लग्नामागे पाचशे रुपये. हा खर्च त्याच्या धंद्याला जड नाही. उलट मंद उजेडातली चित्रे सुधारल्यामुळे दोन कामे जास्त मिळाली तरी लेन्सने आपली किंमत भरून काढली असे होईल.

पण हेच पैसे त्याने दरसाल १२ टक्के व्याजाने तीन वर्षांच्या हप्त्यांवर उचलले, तर मासिक हप्ता सुमारे ३,३२१ रुपये बसतो आणि व्याजापोटी साडेएकोणीस हजारांवर रक्कम जाते. दर लग्नामागचा खर्च पाचशेवरून सातशेच्या घरात जातो. तेही एक वेळ चालेल. खरी अडचण निराळीच आहे. लग्नांचे उत्पन्न बारमाही नाही. चातुर्मासात मुहूर्त नसतात. ख्रिस्ती समाजातही आगमनकाळात आणि उपवासकाळात लग्ने सहसा होत नाहीत. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. कामाविना जाणाऱ्या चार महिन्यांत तेरा हजारांवर रुपये भरावेच लागतात, आणि शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणपतीचा खर्च हे सारे नेमके त्याच महिन्यांत येते. म्हणून असे कर्ज घेण्यापूर्वी निदान चार हप्त्यांची रक्कम बाजूला काढून ठेवता येईल काय, हे घरातल्या माणसांना विश्वासात घेऊन पाहिले पाहिजे. ते जमत नसेल तर एक हंगाम थांबणे शहाणपणाचे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण कंजूषपणाची नसून स्वस्थ झोपेची आहे.

आता दुसऱ्या गृहस्थाचा विचार करू. तो नोकरदार आहे. वर्षातून चार प्रसंगी कॅमेरा बाहेर काढतो. त्याच हिशेबाने पाच वर्षांत वीस प्रसंग, म्हणजे दर प्रसंगामागे अडीच हजार रुपये. मोठ्या शहरांतून अशा लेन्स एक-दोन दिवसांसाठी भाड्याने मिळतात. भाड्याचा दर विचारून दोन्ही आकडे शेजारी मांडले, की उत्तर आपोआप पुढे येईल. हौसेला मोल नसते असे म्हणतात. परंतु ती हौस कोणाच्या पैशाने आणि कोणत्या गरजेला मागे सारून पुरी होते, हे पाहावेच लागते.

स्वस्त आणि महाग या दोन टोकांच्या मध्ये मार्ग नाहीत असे समजू नये. पन्नास मिलिमीटर, एफ/१.८ ही स्थिर केंद्रांतराची लेन्स झूमच्या मानाने फार थोड्या किमतीत मिळते, आणि एफ/५.६ च्या तुलनेत सुमारे दहापट प्रकाश आत घेते. तिने झूम करता येत नाही. पायांनी पुढे-मागे व्हावे लागते. पण मंद उजेडात चेहरे टिपण्याची गरज तिच्याने पुष्कळशी भागते. छताला उजेड मारून तो परत घेता येईल असा चांगला फ्लॅश हा दुसरा उपाय. तिसरा उपाय म्हणजे लहान पट्टीच्या कॅमेऱ्यासाठीच बनविलेल्या एफ/२.८ च्या झूम लेन्स. कॅननची १७-५५ ही २००६ सालची. सिग्मा कंपनीची १८-५० ही २०२१ साली आलेली आणि आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी असलेली लेन्स तर तीनशे ग्रॅमांच्या आतच आहे. साध्या लेन्सचा आवाका आणि व्यावसायिक लेन्सचा प्रकाश यांचा मेळ या लेन्समध्ये बराचसा साधला आहे.

खरेदीपूर्वी कॅमेऱ्याच्या भवितव्याचाही विचार करावा. कॅननने आरशाच्या कॅमेऱ्यांची ईएफ ही जोडणी १९८७ साली आणली; आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची आरएफ जोडणी २०१८ साली आली. निकॉननेही त्याच वर्षी आपली झेड जोडणी काढली. जुन्या ईएफ लेन्स मधला दुवा लावून नव्या कॅमेऱ्यावर चालतात. नव्या आरएफ लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर बसत नाहीत. या स्थित्यंतरामुळे जुन्या जोडणीच्या उत्तम लेन्स वापरलेल्या स्थितीत बाजारात येऊ लागल्या आहेत. ज्याला कॅमेरा लवकर बदलायचा नाही त्याच्यासाठी ही संधी आहे. मात्र वापरलेली लेन्स घेताना डोळे उघडे हवेत. विजेरीचा झोत भिंगांतून आरपार टाकून बुरशीचे जाळे आहे काय ते पाहावे. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवून, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर ट्रायपॉडवर ठेवून चित्र घ्यावे, आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे सारखीच स्पष्ट येतात काय ते तपासावे. एकच कोपरा पुसट येत असेल तर भिंगे जागची हललेली असण्याचा संभव आहे.

बुरशीचा विषय निघाला आहे म्हणून गोवा, कोकण आणि बेळगावच्या बाजूच्या श्रोत्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. पावसाळ्यात बंद पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते, आणि ती लेन्स स्वस्त की महाग हे पाहत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, त्या वेळोवेळी बदलून, लेन्स जपावी. शक्य असल्यास आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर राखणारी पेटी घ्यावी. महागड्या लेन्सच्या किमतीत या पेटीची किंमत आरंभीच धरली पाहिजे. पाच वर्षांनी निम्मी किंमत परत मिळण्याचा जो हिशेब वर केला, तो भिंगे स्वच्छ राहिली तरच खरा ठरतो.

मग निर्णय कसा करावा? त्यासाठी सर्वांत विश्वासू साक्षीदार छायाचित्रकाराच्या स्वतःच्याच संग्रहात आहे. आजचा कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर केंद्रांतर, छिद्र, शटर आणि आयएसओ यांची नोंद ठेवतो. गेल्या वर्षातली हजारएक चित्रे काढून त्या नोंदी पाहाव्यात. फसलेली चित्रे वेगळी करावीत आणि प्रत्येक चित्र कशामुळे फसले ते लिहावे. उजेड कमी पडला म्हणून, की फोकस चुकला म्हणून, की उभे राहण्याची जागाच चुकली म्हणून? ज्याची बहुतेक फसलेली चित्रे मोठ्यात मोठ्या छिद्रावर, मंद शटरने, हलणाऱ्या माणसांची आहेत, त्याला व्यावसायिक लेन्सची गरज खरी आहे. ज्याची चित्रे भर उन्हात एफ/८ वर घेऊनही निर्जीव वाटतात, त्याला नवी लेन्स काही देऊ शकणार नाही. नाचता येईना अंगण वाकडे, अशातला तो प्रकार होईल. साक्ष लेन्सच्या बाजूने पडली, तर एका खऱ्या कामासाठी ती भाड्याने आणावी, दिवसभर गळ्यात वागवावी, आणि त्या दिवसाची चित्रे जुन्या चित्रांशेजारी, ज्या आकारात ती गिऱ्हाइकाला द्यायची असतात त्या आकारात छापून पाहावीत. पडद्यावर शतपट मोठा करून पाहिलेला फरक आणि अल्बमच्या पानावर दिसणारा फरक हे दोन वेगळे फरक आहेत. गिऱ्हाईक पैसे देते ते दुसऱ्यासाठी.

या कसोट्यांतून गरज सिद्ध झाली, घरचा हिशेब जुळला, तर ती लेन्स जरूर घ्यावी, आणि संकोच न बाळगता घ्यावी. सुताराने चांगला रंधा घेतला, शिंप्याने चांगले यंत्र घेतले, तर त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही. छायाचित्रकाराच्या लेन्सलाही तोच न्याय लावला पाहिजे. आणि गरज सिद्ध झाली नाही, तर हातातली साधी लेन्स कमीपणाची मानण्याचे कारण नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात, खिडकीशेजारी बसविलेल्या आजीचे चित्र तिच्यानेही उत्तम येते. ते चित्र घेण्यासाठी पैसे साठण्याची वाट पाहू नये. आजीला उद्याच खिडकीपाशी बसवावे.